माळ, पांदण आणि वाटाड्या : नांदेड-लातूरच्या मुलखातील अश्वभ्रमंतीची प्रस्तावना

जाणत्या वाटाड्याच्या सोबतीने, घोड्यावर बसून, एक किंवा अनेक दिवस मोकळ्या माळावरून आणि डोंगराळ मुलखातून केलेला प्रवास, म्हणजेच येथे ज्याला ‘अश्वभ्रमंती’ म्हटले आहे तो प्रकार, मराठी वाचकाला बहुधा दोनच रूपांत ठाऊक असतो. माथेरान-महाबळेश्वरसारख्या थंड हवेच्या ठिकाणी भाड्याने मिळणारी तासाभराची रपेट हे त्याचे एक रूप, आणि मंगोलियाच्या गवताळ प्रदेशात, अमेरिकेच्या पश्चिम भागात किंवा आपल्याच देशात राजस्थानच्या शेखावाटीत मारवाडी घोड्यांवरून निघणाऱ्या लांबच्या सफरी हे दुसरे. या दोहोंच्या मध्ये नांदेड-लातूरचे नाव सहसा कोणाच्या मनात येत नाही, कारण मराठवाडा म्हटले की दुष्काळ, टँकर, सोयाबीन आणि शिकवणी वर्ग हेच चित्र उभे राहते. तरीही अशा प्रवासाला ज्या तीन गोष्टी लागतात, म्हणजे घोडा, वाट आणि वाट दाखवणारा माणूस, त्या तिन्ही या दोन जिल्ह्यांत आजही टिकून आहेत. घोड्याविषयी अलीकडे बरेच बोलले जाऊ लागले आहे. वाट आणि वाटाड्या यांच्याविषयी मात्र जवळजवळ काहीच बोलले जात नाही, आणि या विषयाचे भवितव्य ठरणार आहे ते या दोघांवरच.

या मुलखाची ठेवण प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. सह्याद्रीपासून आग्नेयेकडे फुटलेली बालाघाटची रांग बीड व धाराशिव ओलांडून लातूर जिल्ह्यात आणि नांदेडच्या लोहा, कंधार, मुखेड या तालुक्यांत शिरते. सह्याद्रीसारखे उभे कडे येथे नाहीत; सपाट माथ्याची पठारे, त्यांच्या कडेला उतरत जाणाऱ्या टेकड्या आणि मधून वाहणाऱ्या मांजरा, तेरणा, मन्याड, लेंडी या नद्यांची खोरी असा हा प्रदेश आहे. गिर्यारोहकाला तो फिका वाटेल, पण घोडेस्वाराला असाच प्रदेश हवा असतो, कारण घोडा चढ चढू शकतो, कडा चढू शकत नाही. पायाखालची जमीन मात्र दर काही कोसांवर बदलते. लातूर-औशाकडे खोल काळी जमीन आहे. पावसाळ्यात तिचा चिखल खुरांना इतका चिकटतो की घोडा पावलापावलाला थकतो, आणि उन्हाळ्यात तिला पडलेल्या भेगांत पाय अडकून मोडण्याचे भय असते. उदगीरच्या पठारावर, बिदरच्या बाजूला, तांबडा जांभा दगड लागतो आणि तेथे पाण्याचा निचरा लवकर होतो. मुखेड-देगलूरकडे दख्खनच्या काळ्या बेसाल्टची हद्द संपून ग्रॅनाइटचे खडक उघडे पडतात आणि त्यांच्यावर नालाचा पाय घसरतो. उत्तरेला माहूर-किनवटची बाजू सागवानी जंगलाची आणि पैनगंगेच्या खोऱ्याची असून ती बालाघाटापासून स्वभावाने इतकी वेगळी आहे की तिचा विचार स्वतंत्रपणेच केला पाहिजे.

घोडा या प्रदेशाला नवा नाही. मध्ययुगीन दख्खनच्या राजकारणात घोडा ही सर्वांत महाग आयात होती. अरबस्तान व इराणातून समुद्रमार्गे चौल, दाभोळ, गोवा अशा बंदरांवर घोडे उतरत आणि तेथून घाट चढून देशावरच्या राजधान्यांकडे हाकले जात. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी होर्मुझहून एक घोडा विकण्यासाठी घेऊन चौलला उतरला आणि जुन्नरमार्गे बहमनी राजधानी बिदरला पोहोचला. त्याच्या वृत्तांतात बिदरजवळच्या एका वार्षिक जत्रेचे वर्णन असून तेथे वीस हजार घोडे विक्रीला येतात अशी नोंद त्याने केली आहे. आकडा थोडा फुगवलेला असेल असे मानले तरी उदगीरपासून फार दूर नसलेल्या मुलखात केवढा घोडेबाजार भरत होता याची कल्पना त्यावरून येते.

पुढे मराठ्यांच्या हलक्या घोडदळाने हाच प्रदेश तुडवला. त्या घोडदळात स्वारांचे दोन प्रकार असत. ज्याला घोडा सरकारी पागेतून, म्हणजे तबेल्यातून, मिळे तो बारगीर. जो स्वतःचा घोडा व हत्यार घेऊन चाकरीला येई तो शिलेदार. ३ फेब्रुवारी १७६० रोजी सदाशिवरावभाऊंच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी उदगीरच्या परिसरात निजामाच्या फौजेचा पराभव केला. त्या मोहिमेत मराठ्यांच्या चाकरीतील इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्याचे जेवढे काम झाले तेवढेच शत्रूभोवती घिरट्या घालून त्याची रसद व चारा तोडणाऱ्या घोडेस्वारांचेही झाले, आणि ते काम मुलखातील ओढे, खिंडी व पाणवठे ठाऊक असल्याखेरीज होण्यासारखे नव्हते. याच फौजेचा मोठा भाग काही आठवड्यांत परतूरहून उत्तरेकडे निघाला आणि पानिपतावर पोहोचला. निजामी अमलात हिंगोली व मोमिनाबाद, म्हणजे आजचे अंबाजोगाई, येथे हैदराबाद कंटिन्जंट या फौजेच्या घोडदळाच्या छावण्या होत्या. त्या परंपरेतून पुढे ‘डेक्कन हॉर्स’ ही पलटण आली, आणि पहिल्या महायुद्धात १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समधील सोम येथील लढाईत तिच्या स्वारांनी भाले सरसावून हल्ला चढवला.

दख्खनच्या ज्या घोड्याने हे सारे केले तो दिसायला भव्य नव्हता. भीमा नदीच्या थडीचा, म्हणजे काठचा, मुलूख तो भीमथडी. तेथील तट्टांची जात त्याच नावाने प्रसिद्ध झाली. अरबी-इराणी रक्ताचा स्थानिक तट्टांशी झालेला संकर आणि कोरड्या, खडकाळ प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या झालेली निवड यांतून ती घडली, असे सामान्यतः मानले जाते. खांद्यापाशी सव्वा मीटरच्या आसपास उंची, आखूड पाठ, कठीण खूर आणि थोड्या चाऱ्यावर भागवण्याची ताकद ही तिची लक्षणे होत. मराठी सत्तेच्या अस्तानंतर लष्कराला उंच घोडे हवेसे झाले, रेल्वे व मोटारी आल्या, आणि भीमथडी तट्टू इतके मागे पडले की ते नामशेष झाल्याचेच लिहिले जाऊ लागले. प्रत्यक्षात ते धनगरांच्या वाड्यांत टिकून होते. पश्चिम महाराष्ट्रातील धनगर दिवाळीनंतर मेंढरांचे कळप घेऊन चाऱ्याच्या शोधात दूरच्या मुलखांत उतरतात, तेव्हा बिऱ्हाड, कोकरे, कोंबड्या आणि लहान मुले या तट्टांच्याच पाठीवर असतात, आणि तट्टे हाकण्याचे, ओझे लादण्याचे व मुक्कामाची जागा लावण्याचे काम मुख्यतः बायकांकडे असते. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने अलीकडे भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली, तिचे खरे श्रेय या बायकांना आणि त्यांच्या कुटुंबांना दिले पाहिजे. ज्या प्रवासाला आज ‘अश्वभ्रमंती’ म्हणून प्रतिष्ठा मिळू पाहत आहे तो प्रवास हे लोक कसलीही प्रतिष्ठा न मिळता दरवर्षी करत आले आहेत.

नांदेड जिल्ह्यात घोड्याची जागा सर्वांत स्पष्ट दिसते ती लोहा तालुक्यातील माळेगावच्या यात्रेत. मार्गशीर्ष वद्य पक्षात खंडोबाच्या नावाने भरणारी ही यात्रा दक्षिणेतील मोठ्या पशुबाजारांपैकी एक आहे. देव स्वतः अश्वारूढ असल्यामुळे घोड्याचा बाजार त्याच्या अंगणात भरावा यात भक्तांना नवल वाटत नाही. लाल कंधारी आणि देवणी ही याच दोन जिल्ह्यांतली नामवंत गोधने येथे प्रदर्शनात उभी राहतात, गाढवे, खेचरे व उंट विकले जातात, वाघ्या-मुरळी नाचतात, आणि परराज्यांतूनही घोडे येतात. घोडा पाहणारा जाणकार प्रथम त्याचे ओठ उलटून दात बघतो. अडीच वर्षांच्या सुमारास दुधाचे मधले दोन दात पडून कायमचे येतात, त्यानंतर दरवर्षी एकेक जोडी बदलते आणि पाचव्या वर्षी तोंड पूर्ण होते. पुढचे वय दातांच्या झिजेवरून ओळखावे लागते. मग तो अंगावरचे भोवरे, म्हणजे केसांचे वेटोळे, तपासतो. गळ्याखालचे ‘देवमण’ शुभ मानले जाते, तर ‘गोम’ हा अशुभ मानला जाणारा भोवरा दिसला की उमदा घोडाही पडत्या भावात जातो. त्यानंतर हात पायांच्या नळ्यांवरून खाली फिरतो आणि सुजेची किंवा उष्णतेची जागा चाचपतो, खूर उचलून नालाखालचा तळ पाहिला जातो, आणि शेवटी घोड्याला खडकाळ जमिनीवरून दुडक्या चालीने पळवले जाते, कारण मऊ मातीत झाकला जाणारा लंगडेपणा कठीण जमिनीवर उघड होतो. लांबच्या प्रवासासाठी घोडा निवडणाऱ्याने भोवऱ्यांचा विचार सोडून द्यावा. बाकीची सारी परीक्षा मात्र जशीच्या तशी शिकून घ्यावी.

या बाजारातील बहुतेक घोडे लग्नाच्या वरातीसाठी, नाचवण्यासाठी किंवा हौसेसाठी विकले जातात हेही येथे नोंदवणे आवश्यक आहे. ढोलाच्या तालावर पुढचे पाय उचलायला शिकवलेला घोडा देखणा दिसतो, पण दिवसभर एका लयीत चालण्याचे शिक्षण त्याला मिळालेले नसते, आणि त्याच्या तोंडातला लगामही प्रायः अधिक जाचक असतो. अशा घोड्याला माळावर नेण्यापूर्वी कित्येक महिने नव्याने चालवावे लागते. नांदेड शहरात घोड्याचे आणखी एक स्थान आहे आणि ते या सर्वांहून वेगळे आहे. १७०८ मध्ये गुरु गोविंदसिंगांचे ज्या भूमीवर निर्वाण झाले तेथील सचखंड श्री हजूर साहिब गुरुद्वाऱ्यात घोडे सांभाळले जातात, ते गुरूंच्या घोड्याच्या वंशातले आहेत अशी श्रद्धा आहे, आणि दसरा व होला-महल्ला या सणांच्या मिरवणुकीत ते सजवून नेले जातात. ते पूज्य आहेत, स्वारीसाठी नाहीत, आणि पर्यटनाच्या कोणत्याही योजनेने त्यांच्याकडे तशा नजरेने पाहू नये.

प्रत्यक्ष प्रवासाचे गणित साधे असले तरी ते काटेकोरपणे पाळावे लागते. घोड्याच्या चालीचे ढोबळमानाने तीन प्रकार सांगता येतात : चारही पाय एकामागून एक पडतात ती साधी चाल, तिरप्या जोडीने पाय पडतात ती दुडकी, आणि क्षणभर चारही पाय जमिनीवरून सुटतात अशी भरधाव दौड. माळावरच्या प्रवासात बराचसा वेळ साध्या चालीतच जातो. तिचा वेग ताशी पाच ते सहा किलोमीटर असतो, म्हणून दिवसाची मजल पंचवीस-तीस किलोमीटरपेक्षा फारशी वाढवू नये. स्वार, खोगीर आणि सामान मिळून घोड्यावरचा भार त्याच्या स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापलीकडे जाऊ नये, असा सर्वत्र मानला जाणारा दंडक आहे. तीनशे किलोच्या तट्टाच्या बाबतीत हा हिस्सा साठ किलो होतो, म्हणजेच भीमथडीवर भरदार देहाच्या प्रौढ माणसाने बसणे हा त्या जनावरावर अन्यायच आहे आणि संयोजकाने तसे स्पष्ट सांगण्याचे धैर्य ठेवले पाहिजे. उतारावर स्वाराने पायउतार व्हावे आणि मुक्कामाला पोहोचण्यापूर्वीचा शेवटचा टप्पा घोड्याला हाताने धरून चालवत न्यावे. तंग, म्हणजे खोगीर बांधण्याचा पोटाखालचा पट्टा, एकदम न सोडता आधी सैल करावा. हे नियम जुन्या मोतद्दारांना, म्हणजे घोड्याची निगा राखणाऱ्या सेवकांना, पाठ असत.

पाणी व चारा यांत चूक झाली तर घोड्याला क्षमा नसते. उष्ण दिवसांत एका घोड्याला तीस-चाळीस लिटर पाणी सहज लागते, आणि घोड्याला ओकारी येत नाही. पोटात गेलेले काहीही वरच्या वाटेने बाहेर पडत नाही, म्हणून बुरसटलेला कडबा, अवेळी दिलेली भरड किंवा तोबरा, म्हणजे तोंडाला बांधायची पिशवी, भरून एकदम घातलेली हरभऱ्याची चंदी, म्हणजे दाणा, यांतून उद्भवणारा पोटशूळ काही तासांत प्राण घेऊ शकतो. घोडमाश्यांमार्फत पसरणारा सर्रा हा रक्तातील परजीवीचा आजार आणि माणसालाही होऊ शकणारा ग्लँडर्स हे दोन रोग तर यात्रेतून घोडा विकत आणणाऱ्याने कायम लक्षात ठेवावेत. ग्लँडर्सवर लस नाही आणि बाधित घोडा कायद्याने मारावा लागतो, त्यामुळे रक्ततपासणीचा अहवाल हाती आल्याशिवाय नवे जनावर जुन्यांच्या थानावर बांधू नये. प्रवासाचा हंगाम कार्तिकापासून माघापर्यंतचा. त्याआधी काळ्या जमिनीचा चिखल असतो आणि त्यानंतर पारा चाळीस अंशांकडे सरकू लागतो, पाणवठेही आटतात.

आता वाटेचा प्रश्न. डांबरी रस्त्यावरून घोडा नेता येतो, पण त्याचे सांधे ते सहन करीत नाहीत आणि स्वारालाही त्यात गोडी नसते. घोड्याची खरी वाट म्हणजे पांदण, अर्थात दोन शेतांच्या मधून गेलेली, दोन्ही बाजूंना बांध व बोरी-बाभळी असलेली जुनी गाडीवाट, किंवा दोन गावांच्या शिवेवरून जाणारा शिवरस्ता. या वाटा महसुली नकाशांवर आहेत. जमिनीवर मात्र त्या शेजारच्या नांगराने वर्षाला हातभर अशा कमी होत गेल्या आहेत, आणि जेथे शासनाच्या योजनेतून त्या मोकळ्या होतात तेथे ट्रॅक्टरसाठी खडी-मुरूम पडतो. त्यात गैर काही नाही. शेतकऱ्याला आपल्या शेतापर्यंत पोहोचता आले पाहिजे, ही गरज पर्यटकाच्या हौसेपेक्षा कितीतरी मोठी आहे. तथापि मुरुमाची पांदण घोड्यालाही चालते; तिच्या कडेची झाडे तेवढी तोडू नयेत.

पांदणीहून नाजूक विषय गायरानाचा आहे. गावाच्या गुरांच्या चराईसाठी राखलेली सामाईक जमीन ती गायरान. अश्वभ्रमंतीची माहितीपत्रके ज्याला ‘मोकळा माळ’ म्हणतात तो पुष्कळदा गायरानाचाच भाग असतो, आणि तो वाटतो तेवढा मोकळा नसतो. मराठवाड्यात भूमिहीन कुटुंबांनी, त्यांतही दलित कुटुंबांनी, गायरानाचे तुकडे पिढ्यान्‌पिढ्या कसले आहेत. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९६४ मध्ये झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात पडीक जमिनीची मागणी मुख्य होती आणि तो लढा अनेक गावांत अजून संपलेला नाही. ज्या माळावर स्वाराला क्षितिज दिसते त्याच माळावर कोणाची तरी दोन एकर तूर उभी असते आणि सातबाऱ्यावर त्याचे नाव नसते. घोड्यांच्या खुरांखाली ती तूर गेली तर तक्रार करायलाही त्या माणसाकडे कागद नसतो. भ्रमंतीचा मार्ग आखणाऱ्याला नकाशा वाचता येतो की नाही याहून त्याला हे ठाऊक आहे की नाही हे अधिक महत्त्वाचे आहे.

म्हणूनच या साऱ्या व्यवहारात वाटाड्या हाच मध्यवर्ती माणूस ठरतो. जुन्या गावगाड्यात वाट दाखवणे हे एक बांधलेले काम होते. सरकारी अंमलदार किंवा फौजेचा जासूद गावात आला की गावचा महार त्याच्या घोड्यापुढे धावत पुढच्या गावच्या शिवेपर्यंत जाई आणि तेथून पुढच्या गावचा माणूस त्याची जागा घेई. या कामाला मोबदला मिळे तो नावापुरता. बहुतेक वेळा ती वेठ होती, आणि नकार देण्याची सोय नव्हती. मराठी वाङ्मयात घोडेस्वाराचे वर्णन भरपूर सापडते, त्याच्यापुढे अनवाणी धावणाऱ्या या माणसाचे फार थोडे. शिवेवरची प्रत्येक विहीर, पावसाळ्यात फुगणारा प्रत्येक ओढा, कोणता बांध खचका आहे आणि कोणत्या खिंडीत लांडगा असतो, हे ज्ञान ज्याच्याकडे होते त्याचा उल्लेख ना मोहिमांच्या वृत्तांतात होतो ना गॅझेटियरमध्ये. आज अश्वभ्रमंतीच्या निमित्ताने हे ज्ञान पुन्हा कामाला येणार असेल, तर ते पगारी, सन्मानाचे आणि परवान्याच्या नोंदीत नाव असलेले काम म्हणूनच यावे. गावच्या माणसाला चहापाण्यावर सोबत घेण्याची जुनी सवय येथे चालणार नाही.

या भूमिकेतून पाहिले असता दोन्ही जिल्ह्यांत मार्गांची वाण नाही. राष्ट्रकूट काळापासून नावाजलेल्या कंधारच्या खंदकवेष्टित किल्ल्यापासून मन्याडच्या खोऱ्याने मुखेडकडे उतरणारी वाट आहे. उदगीरच्या किल्ल्यापासून देवर्जनजवळच्या हत्तीबेट टेकडीपर्यंत जांभ्याच्या पठारावरून जाता येते. औशाच्या भुईकोटापासून खरोशाच्या लेण्यांची टेकडी अंतराने जवळ आहे. चाकूर तालुक्यातील वडवळ नागनाथचे बेट औषधी वनस्पतींसाठी प्रसिद्ध असल्यामुळे तेथे घोडे वर न नेता पायथ्याशीच बांधणे योग्य होईल. माहूर, सहस्रकुंडाचा धबधबा आणि पैनगंगा अभयारण्याची बाजू सर्वांत मोहक आहे, परंतु अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही, आणि बिबट्या व अस्वलाच्या वावरातून जनावरे नेण्याची तयारी आज तरी कोणाची दिसत नाही. तो मार्ग सध्या सोडूनच द्यावा.

जे कोणी या मुलखात असे प्रवास सुरू करू इच्छितात त्यांनी पहिली घोडी विकत घेण्याआधी मार्गावरच्या प्रत्येक गावच्या ग्रामसभेत जाऊन बसावे, पांदणी व पाणवठे गावकऱ्यांकडूनच नकाशावर काढून घ्यावेत, गायरान कसणाऱ्यांची पिके कोठे आहेत ते त्यांनाच विचारावे, आणि स्वारांकडून येणाऱ्या रकमेतून वाटाड्याचा रोज व चाऱ्याचा खर्च सर्वांत आधी बाजूला काढावा. एवढे ज्यांना जमणार नाही त्यांनी माळेगावच्या बाजारातून घोडा आणू नये.